दृढीकरणानंतर कोण?



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या सुवर्णमहोत्सवांत मंदिर, वेदी व घंटा ह्यांविषयीं पुष्कळ बोलून झालें आहे, आणि तें योग्यच झालें. मला बोलावयाचें आहे तें मिस्सेच्या वेळीं मागच्या दाराशीं उभ्या राहणाऱ्या तरुणांविषयीं. दृढीकरणाच्या दिवशीं जीं मुलें मोठ्या भक्तीनें बिशप महोदयांपुढें येतात, त्यांपैकीं कित्येक दोनतीन वर्षांत उपदेश संपतां संपतां येतात व कम्युनियन आटोपतांच निघून जातात. कांहीं तर तेवढींही येत नाहींत. मग आईबाप आम्हांकडे येऊन म्हणतात, "फादर, त्याला जरा चार शब्द सांगा." सांगतों, परंतु त्या वयाच्या मुलाचे चार शब्द कोणी ऐकून घेतले आहेत काय, हें आधीं पाहावयास हवें.

ह्याकरितांच ख्रिस्तसभेनें दृढीकरणाच्या वेळीं धर्मपिता किंवा धर्ममाता असावी असें सांगितलें आहे. धर्मसंहितेप्रमाणें ही व्यक्ति साधारणतः १६ वर्षें पुरीं केलेली, स्वतः दृढीकरण घेतलेली व श्रद्धेला साजेल असें जीवन जगणारी असावी. शक्य तर बाप्तिस्म्याच्या वेळचीच असावी. आणि ती मुलाची आई किंवा बाप असूं नये. हा शेवटचा नियम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. घरांत जी गोष्ट तोंडांतून निघत नाहीं ती ज्याच्यापाशीं निघेल, असें एक वडील माणूस प्रत्येक मुलास हवें असतें. पण आपल्याकडे काय चालतें? ज्याच्याकडून घड्याळ किंवा मोबाईल मिळण्याचा संभव, त्याची निवड होते! जेवण होतें, फोटो निघतो, आणि पुढें त्या दोघांची गांठ पडते ती कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवांत.

आपल्या वसईचेंच उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें नांव आपल्या मुलांस पाठ असतें. परंतु तेही एके काळीं पंधरा वर्षांचें पोर होतें, हें आपण विसरतों. सुमारें १५५७ सालीं वसईंत जन्मलेल्या ह्या मुलास येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं शिक्षण मिळालें. त्यांपैकीं फादर सेबास्टियन गोन्साल्विस ह्यांनीं त्याच्यावर विशेष माया केली व जपानला जातांना त्यास सोबत नेलें. तेथें तो जपानी भाषा शिकला आणि आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. इतकी सेवा करून दार बंद! आपला एखादा तरुण अशा वेळीं मंदिराकडे पाठ फिरविता. गोन्सालोनें व्यापार धरिला, त्यांत त्याचा जमही बसला. पण लहानपणीं पेरलेलें करपलें नाहीं. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाला. त्या सोबत्यांत लुईस इबाराकी हा १२ वर्षांचा मुलगा होता. फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासांत राहिलेला.

आतां सोबत करावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें? ८ डिसेंबर १८४१ रोजीं तुरीन शहरांत संत जॉन बॉस्को मिस्सेची तयारी करीत असतां सक्रिस्तींत एक अनाथ पोर शिरलें. त्याला मिस्सेची सेवा येईना, म्हणून तेथल्या सेवकानें झाडणीच्या दांड्यानें मारून त्यास हांकून दिलें. बॉस्को ह्यांनीं त्याला परत बोलाविलें. वाचतां येतें काय, गातां येतें काय, असें ते विचारीत गेले. प्रत्येक वेळीं उत्तर 'नाहीं'. शीळ घालतां येते काय, असें विचारतांच पोर हंसलें. मग त्यांनीं त्याला क्रुसाची खूण शिकविली. क्रम पाहा: शीळ आधीं, खूण मागाहून.

आपल्या मुलांची शीळ म्हणजे फुटबॉल असेल, गिटार असेल, किंवा चर्चगेटच्या गाडींत मित्रानें टाकलेला प्रश्नही असेल: "विज्ञान शिकून तूं अजून देव मानतोस?" अशा प्रश्नाला "गप्प बैस, पाप लागेल" हें उत्तर नव्हे. ठाऊक नसेल तर "मलाही ठाऊक नाहीं, आपण दोघे शोधूं" असें म्हणावें. त्यानें वडिलांचा मान जात नाहीं. एक पथ्य मात्र कडक पाळावें. भेटीगांठी उघड्या जागीं व आईबापांच्या माहितीनें व्हाव्या. विश्वासानें सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर जाऊं नये. परंतु मुलाच्या जिवाला किंवा शीलाला धोका दिसल्यास ती लपवूंही नये.

यंदा दृढीकरण घेणाऱ्या मुलामुलींची यादी सक्रिस्तीच्या दारावर लाविली आहे. प्रत्येक नांवासमोर एक रकाना कोरा ठेविला आहे. पुढचीं तीन वर्षें, महिन्यांतून एक संध्याकाळ, त्या मुलाकरितां काढतां येईल काय, ह्याचा प्रथम घरीं विचार करावा. आणि रकान्यांत आपलें नांव घालण्यापूर्वीं त्या मुलालाही विचारावें.