गाडीचा पंखा बदलायचा का?

आज पंख्याविषयी बोलायचंय. घरातला नव्हे, गाडीतला. इंजिनाच्या पुढ्यात, रेडिएटरच्या मागे जो फिरत असतो, तो.

एका बचत गटाने प्रश्न पाठवलाय. गटाची जुनी जीप आहे. रोज भाजी आणि दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला जाते, आणि रात्री-अपरात्री एखादी बाळंतपणाला अडली तर तिलाही तीच नेते. उन्हाळ्यात बाजाराच्या गर्दीत शिरली की काटा लाल रेघेला जाऊन टेकतो. मिस्त्री म्हणाला, पट्ट्यावरचा पंखा काढून टाकू, दोन इलेक्ट्रिक पंखे बसवू, गाडी तापणार नाही आणि डिझेलही वाचेल. गटात दोन तट पडलेत. अर्ध्या म्हणतात करून टाका, अर्ध्या म्हणतात हप्ते अजून फिटले नाहीत, त्यात हा खर्च कशाला. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं नाही, पण तुमचं तुम्हाला ठरवता येईल इतकं नक्की सांगते.

आधी गाडी तापते कशी ते बघू. आपण इंजिनात जेवढं डिझेल जाळतो, त्यातलं साधारण तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतं. तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते, आणि बाकीची बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. वॉटर पंप ते तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणतो. नळ्यांमधल्या जाळीतून वारा गेला की पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. एवढंच काम आहे. वारा गेला पाहिजे आणि पाणी फिरलं पाहिजे.

आता वारा कुठून येतो? आपण खळ्यावर उफणणी करतो तेव्हा वारं सुटलेलं असेल तर पंखा लागत नाही. वारं पडलं की मग पंखा किंवा सुपानं वारा घालणारी दुसरी बाई लागते. गाडीचंही तसंच. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने गाडी निघाली की समोरचा वाराच एवढा असतो की बहुतेक वेळ पंख्याची गरज पडत नाही. गरज पडते ती बाजारात, टोलनाक्यावर, फाटकाशी, गाडी उभी असताना.

पट्ट्यावरच्या पंख्याचं दुखणं इथंच आहे. तो इंजिनाच्या पुलीला बांधलेला. इंजिन जोरात तर तो जोरात, इंजिन संथ तर तो संथ. म्हणजे गाडी गर्दीत उभी, इंजिन नुसतं धुगधुगतंय, वारा सगळ्यांत जास्त हवाय, तेव्हा हा आळसावलेला. आणि मोकळ्या रस्त्यावर, जिथं त्याचं काही काम नाही, तिथं हा भन्नाट फिरतो आणि इंजिनाचा जोर खातो. किती खातो? पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला फिरवायला आठपट जोर लागतो. मोठा पंखा पूर्ण वेगात दोन-चार हॉर्सपॉवरही खाऊ शकतो. विहिरीवरची तीन हॉर्सपॉवरची मोटर आठवा, म्हणजे अंदाज येईल.

यावर जुना उपाय म्हणजे पंखा आणि पुली यांच्यात बसवलेला क्लच. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि पुढच्या बाजूला पत्र्याची एक छोटी गुंडाळी. रेडिएटरमधून गरम वारा आला की ती गुंडाळी वळते, तेल आत सोडते आणि पंखा पुलीबरोबर घट्ट फिरू लागतो. वारा गार असला की पंखा सैल पडतो. बऱ्याच जीपगाड्यांना हाच असतो. अगदी जुन्या गाड्यांना तोही नाही, पाती थेट पुलीवर.

इलेक्ट्रिक पंखा मात्र इंजिनाच्या वेगाकडे बघतच नाही. पाणी ठरावीक तापलं की चालू, निवलं की बंद. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, तिला असाच पंखा होता. त्याला कारणही होतं. त्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं, पुली चाकाकडे तोंड करून. तिच्यावर पंखा बसवला असता तर त्याने रेडिएटरला नाही, चाकाला वारा घातला असता.

मग बदलायला हरकत काय? हरकत नाही, पण आधी गाडी कधी तापते ते बघा. चालवणारीने आठवडाभर फक्त एवढं टिपून ठेवावं: काटा वर चढला तेव्हा गाडी उभी होती की पळत होती. उभी असताना किंवा रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर दोष वाऱ्याचा, म्हणजे पंख्याच्या बाजूचा. पण पळत्या गाडीतही तापत असेल, तर दहा पंखे लावा, उपयोग नाही. तिथं रेडिएटर आतून बुजलाय, नाहीतर पंप गेलाय, नाहीतर थर्मोस्टॅट उघडत नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की हंड्याच्या बुडाला बसतो तसाच क्षार या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घालायचं, ते यासाठी.

या गटाची गाडी बाजारात तापते, म्हणजे पंख्याची शंका घ्यायला जागा आहे. तरी पैसे काढायच्या आधी तीन गोष्टी तपासा, तिन्ही फुकटात होतात. पहिली, रेडिएटरच्या जाळीत भुसा, किडे, चिखल अडकलाय का. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा. जोराचा फवारा नको, पत्र्या वाकतात. दुसरी, पट्टा सैल आहे का. तिसरी, क्लचचा पंखा असेल तर गाडी पूर्ण थंड आणि बंद असताना, चावी काढून, हाताने फिरवून बघा. थोडा अडत फिरला पाहिजे. जत्रेतल्या भिंगरीसारखा गरागरा फिरला तर आतलं तेल गेलंय, आणि तेवढा क्लच बदलला तरी काम भागतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघून घ्या. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी ११५ अंशांपर्यंतही उकळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच. तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण गळत असेल तर पसरणीचा घाट चढून पाचगणीत पोचेपर्यंत रेडिएटर वाफा टाकणारच, त्यात पंख्याचा काय दोष? हे झाकण गरम गाडीचं कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी फवाऱ्यासारखं तोंडावर येतं.

हे सगळं करूनही गाडी उभ्या उभ्या तापत असेल, तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार करा. आणि विचार करताना वही घेऊन बसा, कारण आता प्रश्न विजेच्या जमाखर्चाचा आहे. मिस्त्री लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

गटाचं पासबुक जसं, तशी गाडीची बॅटरी. जमा करणारा एकच, डायनामो. समजा तुमच्या गाडीचा डायनामो ४५ अँपिअरचा आहे. हा आकडा त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर असतो, वाचून घ्या. आता खर्च लिहा. पुढचे दोन दिवे, १० अँपिअर. मागचे दिवे वगैरे दोन-तीन. पावसात वायपर चार-पाच. यात दोन पंखे आले, एकेक १० ते १२ अँपिअरचा, म्हणजे २० ते २४. बेरीज चाळिशीच्या आसपास गेली. ४५ मध्ये बसतंय, असं वाटेल. पण डायनामो ४५ देतो तो इंजिन जोरात फिरताना. नुसत्या धुगधुगीवर तो निम्म्यावर येतो, आणि पंखे तर नेमके तेव्हाच चालणार. म्हणजे पावसाळी रात्री, गर्दीत, जमा वीस-बावीस आणि खर्च चाळीस. फरक बॅटरीतून जातो. जुनं डिझेल इंजिन वीज नसली तरी चालत राहतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. दिवे पिवळे पडतात, पंखे मंदावतात, आणि दवाखान्याच्या दारात गाडी बंद केली की परत स्टार्टर मारायला बॅटरीत जीव नसतो. ज्या गाडीवर रात्रीचं बाळंतपण अवलंबून आहे, तिच्याबाबतीत हा हिशेब आधी व्हायला हवा. डायनामो लहान असेल तर दोन पंख्यांच्या जागी एकच चांगला मोठा बसवा, किंवा मोठ्या डायनामोचा खर्च धरून मगच बैठकीत विषय घ्या.

डिझेल वाचतं का? वाचतं, पण मिस्त्री सांगतो तेवढं नाही. डायनामोलाही इंजिनच फिरवतं, वीज फुकट येत नाही. बचत होते ती मोकळ्या रस्त्यावर, पंखे बंद असताना. ज्यांची गाडी रोज दहा किलोमीटर खड्ड्यांतून तालुक्याला जाते, त्यांनी डिझेलसाठी म्हणून हा खर्च करू नये असं माझं मत आहे.

आणखी एक. टोमॅटोचे क्रेट काठोकाठ भरून जी गाडी रोज घाट चढते, तिचा पट्ट्याचा पंखा मुळीच काढू नका. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात असतं, गाडी हळू असते, समोरचा वारा नसतो. तिथं पुलीवरचा पंखा जेवढा वारा ओढतो, तेवढा दीडशे वॅटचा इलेक्ट्रिक पंखा ओढू शकत नाही. दीडशे वॅट म्हणजे एका हॉर्सपॉवरचा पाचवा हिस्सा, दोन पंखे धरले तरी अर्धा हॉर्सपॉवर भरत नाही. अशा गाडीला जुना पंखा ठेवून रेडिएटरच्या पुढे एक लहान इलेक्ट्रिक पंखा मदतीला लावता येतो. तो पुढून वारा ढकलणारा हवा, मागून ओढणारा नव्हे. दुकानदाराला तसं सांगूनच घ्या.

बदलायचंच ठरलं, तर काम चालू असताना गटातली एक जण तिथं उभी राहू द्या. बघायचं ते असं. पंख्याची वायर बॅटरीवरून यावी, बॅटरीजवळच तिला फ्यूज असावा आणि मध्ये रिले असावी. प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज, वेगळी रिले. पंखा सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो. साध्या बटणावरून थेट जोडला तर बटण वितळतं, वायरीला आग लागते. वायर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. पंखा पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी रेडिएटरच्या जाळीत ओवून बांधायचा नाही. गाडीच्या हादऱ्याने पट्टी नळी घासते आणि सहा महिन्यांत रेडिएटर गळतो. पत्र्याची चौकट करून बोल्टवर बसवायचा, आणि भोवती रेडिएटर झाकणारं आवरण हवंच. आवरण नसेल तर पंखा फक्त स्वतःपुरत्या गोलातूनच वारा ओढतो, चारी कोपरे तसेच तापलेले.

तापमानाचा स्विच कितीचा घेतलाय ते विचारा. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. स्विच त्याच्या वर हवा, ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा असला की झालं. ८० चा बसवला तर पंखे दिवसभर थांबणारच नाहीत. जुना पंखा काढताना त्याच्याच बोल्टांनी पुलीही धरलेली असते. मधली जाडी गेली की तेच बोल्ट लांब पडतात आणि मागे जाऊन पंपाला घासतात, म्हणून आखूड बोल्ट घ्यायचे. आणि लक्षात घ्या, पंप अजून पट्ट्यावरच आहे. पट्टा तुटला तर पंखे फिरत राहतील, पण पाणी फिरणार नाही. गाडी तिथंच बंद करायची.

काम झालं की इंजिन तापू द्या, पंखे चालू होईपर्यंत थांबा, आणि वहीचा एक कागद रेडिएटरच्या समोर धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून अंगावर आला तर वायरी उलट्या जोडल्यात, पंखा वाऱ्याशीच भांडतोय. मग दिवे, वायपर, पंखे सगळं चालू ठेवून, इंजिन धुगधुगीवर ठेवून बॅटरीवर मीटर लावायला सांगा. तेरा व्होल्टच्या वर असेल तर जमाखर्च जुळला. बाराच्या आसपास उतरत असेल तर मजुरीचे पूर्ण पैसे द्यायच्या आधी बोला. पंखा, स्विच, रिले, वायर, मजुरी असा वेगवेगळा लेखी हिशेब सुरुवातीलाच मागितलेला असला की हे बोलणं सोपं जातं.

हा पंखा आणि पट्ट्याचा पंखा यांत एक मोठा फरक आहे, तो घरातल्या पोरांनाही सांगा. पट्ट्याचा पंखा इंजिन बंद झालं की थांबतो. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही, पाणी गरम असेल तर, आपोआप सुरू होतो. बॉनेट उघडून वाकताना पदर खोचलेला हवा, वेणी मागे, ओढणी काढून ठेवलेली. आणि पंख्यापाशी हात घालायचाच असेल तर आधी बॅटरीची एक वायर सोडवा.