नवी मादक रसायने आणि आपला कायदा
(गोंदिया जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यात व्यसन म्हटले की मोहाची दारू, खर्रा आणि गांजा हेच डोळ्यांपुढे येतात. परंतु सालेकसा-देवरीकडील मुले पुढील शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातात, तेव्हा ‘डीएमटी’, ‘डीईटी’ अशी आद्याक्षरे त्यांच्या कानांवर पडू शकतात. “हे नवे रसायन आहे, कायद्यात ते बसत नाही,” असे कोणी सांगितले तर त्यांनी काय समजावे?

आपल्या तुरीच्या डाळीतील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यापासून शरीर सेरोटोनिन तयार करते. मेंदूतील पेशींचे निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांपैकी ते एक होय. ट्रिप्टामाइन हे त्याच कुळातले. त्याच्या साखळीच्या टोकाला असलेल्या नायट्रोजनवरील दोन हायड्रोजनांची जागा दोन मिथिल गटांनी घेतली की डीएमटी होते. एथिल गटांनी घेतली की डीईटी. डीएमटी १९३१ साली रिचर्ड मॅन्स्के यांनी प्रयोगशाळेत बनविले. पुढे ते काही वनस्पतींतही आढळले. त्याचा मानवी मनावरील परिणाम हंगेरीतील डॉ. स्टीफन सारा यांनी १९५६ साली नोंदविला.

सेरोटोनिनच्या कुलपात ही परकी किल्ली बसते. रंग, आकार आणि काळ यांचे भान पालटते. नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो. डीएमटी ओढल्यास परिणाम साधारणतः तासाभरात ओसरतो. डीईटीचा काही तास टिकतो. तेवढ्या वेळात तीव्र भीती, भ्रम वा अपघात घडू शकतो. मानसिक आजाराची प्रवृत्ती असणाऱ्यास धोका अधिक. शिवाय पुडीत नेमके काय व किती आहे, हे घेणाऱ्यास कळत नाही.

१९७१ च्या व्हिएन्ना करारात भारत १९७५ साली सामील झाला. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत डीएमटी व डीईटी ही दोन्ही नावे आहेत. त्यांचे क्षार आणि मिश्रणेही त्यात येतात. नव्या पदार्थाची भर केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे घालू शकते. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यापारी प्रमाण असल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे.

मात्र याच कायद्याचे कलम ६४-अ पालकांना अवश्य सांगावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. अब्रू आणि पोलीस यांच्या भयाने मुलास घरात कोंडून ठेवण्याचे कारण नाही. प्रकृती बिघडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिले जावेत, एवढीच आपणांस विनंती.