करंडक
(सिद्धगडच्या पायथ्याशी शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी आपण भाई कोतवाल नि हिराजी पाटलांच्या स्मारकापुढं उभे होतो. 2 जानेवारी 1943 ला दोघं इथंच गोळ्या खाऊन पडले. आपल्यातल्या एकानं विचारलं, 'स्तूपात असतो तसा ह्यात करंडक असेल काय?' बाकीचे फिस्सकन हसले. करंडक म्हंजे नाटकाच्या स्पर्धेत मिळतो तो!

हसू नका. मी गोदीतला मजूर. धातू म्हटलं की माझा खांदा दुखतो, सळ्या आठवतात. पालीत मात्र धातू म्हंजे थोर माणसाच्या अस्थी, त्यानं वापरलेली वस्तूसुद्धा. ती ठेवायची झाकणाची डबी म्हंजे करंडक. आईचा कुंकवाचा करंडा ह्याच शब्दाचा सोयरा. आणि करंड म्हंजे बांबूची विणलेली पेटीपण. विणणार कोण? बुरूड.

आता सोपाऱ्याला चला. 2014 पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या स्तूपाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. बुद्ध विसरले, बुरूड राहिला! 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. आणि सोन्यात काय? भिक्षापात्राच्या खापऱ्या. माती!

पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या गळ्यातही मडकंच होतं. त्याची एक खापरी कुठल्या डबीत ठेवलीय, सांगा.

सोपाऱ्याचे ते करंडक एशियाटिक सोसायटीकडं आहेत, मुंबईच्या टाऊन हॉलात. त्याच्या पायऱ्यांवर बसून मी कितीदा डबा खाल्ला. आत काय आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं.