फेरात सगळ्यांना जागा



अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले की दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला, आपल्या खानदेशात भुलाबाई बसते. तिथून कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघरी गाणी, टिपऱ्या आणि खाऊ ओळखण्याची गंमत. मध्येच नवरात्र येते, तेव्हा मोठी माणसेही मैदानात उतरतात. या दिवसांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘बाई, यंदा कोणता नाच बसवायचा?’ धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मी तीस वर्षे लेझीम, टिपरी आणि कवायत शिकवली. निवृत्तीनंतर वस्तीतल्या बायकांचे फेर धरले. या सगळ्या काळात त्या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न एकच असे, ‘नाचणार कोण कोण?’

नाच निवडणे ही नुसती आवडीनिवडीची बाब वाटते. गाणे कोणते, साड्या कुठल्या रंगाच्या, यावर बैठका झडतात. पण नाच निवडला की कोण खेळणार आणि कोण काठावर बसून बघणार, हेही त्याच क्षणी ठरून जाते. म्हणून निवड जपून करावी लागते.

दोन उदाहरणे घेऊ. पहिले गोफाचे. वर एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत पट्ट्या, प्रत्येकीच्या हातात एकेक टोक. निम्म्या जणी एका दिशेने, निम्म्या उलट दिशेने, एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून असे जात जात गोफ विणायचा आणि त्याच वाटेने परत फिरून तो उकलायचा. बघणाऱ्याचे डोळे निवतात. पण गोफाला माणसे सम संख्येत लागतात, रोज तीच लागतात आणि एकीचे पाऊल चुकले की सगळ्यांचा गुंता होतो. एखादीचे मूल तापाने फणफणले आणि ती आली नाही, की त्या दिवसाचा सराव बुडाला. जिला उशिरा कामावरून यायचे आहे, जिचे गुडघे दुखतात, ती गोफात स्वतःहून येत नाही. आपल्यामुळे सगळ्यांचा खेळ मोडेल ही धास्ती तिला असते.

दुसरे उदाहरण फेराच्या टिपरीचे. आत एक वर्तुळ, बाहेर एक, तोंडे समोरासमोर. सात ठोके समोरचीशी वाजवायचे, आठव्याला दोन्ही वर्तुळांनी आपापल्या उजवीकडे एक घर सरकायचे. समोर नवी जोडीदारीण. संख्या विषम झाली तर वर्तुळात एक जागा रिकामी राहते. त्या जागेसमोर जी येईल तिने त्या फेरीपुरत्या आपल्याच दोन टिपऱ्या वाजवायच्या, पुढच्या फेरीला तिला जोड मिळतेच. मध्येच कुणी आली तर ती रिकामी जागा घेते, कुणी दमून बाहेर गेली तरी खेळ थांबत नाही. चुकणारीची चूक आठ ठोक्यांपुरती. नव्या घरात ती नव्याने सुरुवात करते.

जळगावातल्या एका वस्तीत आम्ही नवरात्रात ठरलेल्या जोड्यांची टिपरी खेळत असू. जावाजावा, शेजारणी, मैत्रिणी अशा जोड्या आधीच लागलेल्या असत. नव्याने भाड्याने राहायला आलेली बाई, वय झालेली बाई, नवरा गेलेली बाई खुर्चीवर बसून राही. बोलावले तर उत्तर येई, ‘माले येत नही, माय.’ मला येत नाही, या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘मला कुणी जोडीला घेतले नाही’ असा असतो. चार नवरात्रे खेळणाऱ्यांना पाणी देत उभी राहणारी एक विधवा बाई तिथे होती. पाचव्या वर्षी आम्ही जोड्यांची टिपरी सोडली आणि फेराची धरली. कोण कुणाबरोबर हा प्रश्नच उरला नाही, कारण दर फेरीला समोरची जोडीदारीण बदलायचीच होती. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पाण्याचा जग ओट्यावर ठेवला आणि बाहेरच्या वर्तुळात उभ्या राहिल्या. कुणी भाषण केले नाही, कुणाचे मन वळवले नाही. फक्त नाच बदलला होता.

गंमत म्हणजे हीच युक्ती हजारो मैल दूरच्या माणसांनाही सापडली आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात ‘कॉन्ट्रा डान्स’ नावाचा लोकांचा नाच आहे. सभागृहात समोरासमोर लांब रांगा लागतात, फिडल वाजू लागते. एक पूर्ण नाच चौसष्ट पावलांचा, आणि तो संपला की प्रत्येक जोडी रांगेत एक घर सरकून नव्या जोडीसमोर येते. तिथे नाच निवडणारा, समजावणारा आणि चालू नाचात पुढची चाल पुकारणारा एक माणूस असतो. त्याला तिकडे ‘कॉलर’ म्हणतात, म्हणजे पुकारा करणारा. न्यू हॅम्पशायरमधले राल्फ पेज (१९०३-१९८५) हे अशा पुकारा करणाऱ्यांतले मोठे नाव. आधी संगीताशिवाय नुसते चालून नाच दाखवायचा, मग संगीतावर दर चाल पुकारायची. संध्याकाळची सुरुवात सोप्या नाचाने करायची, माणसे सरावली की मध्यावर अवघड नाच घ्यायचा. परका माणूस दारातून आत आला तरी पहिल्याच नाचात तो उभा राहू शकला पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

आपल्याकडे लेझीमच्या मास्तरांचा हिशेब याहून वेगळा नव्हता. लेझीम हा मुळात आखाड्यातला व्यायाम. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांनी आखाड्यातला एकेकट्याचा व्यायाम रांगेत आणला, संघव्यायामाला इंग्रजीऐवजी हिंदी आज्ञा दिल्या. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे पुढे आपल्या अमळनेरला आले, तिथल्या राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थेत काही वर्षे शिकवत होते. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. शाळेच्या मैदानावर शे-दोनशे मुलांना एकदम व्यायाम शिकवायची रीत महाराष्ट्रात रुजली, ती अशा माणसांच्या खटपटीतून.

लेझीमच्या प्रकारांची नावे आजही हिंदी आहेत. चार आवाज, एक जगह, आंटी लगाव, पवित्रा, दो रुख, चौ रुख. हा क्रम नीट पाहा. चार आवाजात पाय जागचे हलत नाहीत, फक्त हात शिकतात. पवित्र्यात पाय बोलू लागतात. दो रुखात दोन दिशा येतात, चौ रुखात चार. प्रत्येक पायरीला एकच नवी गोष्ट. ज्यांनी हा क्रम लावला, त्यांना रांगेतल्या सगळ्यांत कच्च्या मुलाची आठवण होती, असे मला नेहमी वाटते. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सात हजारांहून अधिक जण एकाच वेळी लेझीम खेळले. एवढी माणसे एका तालात येतात ती अशाच पायऱ्यांनी. कौशल्याचा कळस दाखवायला गेलो असतो तर सत्तर जणही जमले नसते.

आता शिकवण्याविषयी. पहिला नियम, बोलणे थोडे. उन्हात उभ्या पोरांना दहा मिनिटे समजावले तर त्यांच्या डोक्यात काही उरत नाही. एकदा करून दाखवावे, एकदा आकड्यांवर करून घ्यावे आणि ढोल सुरू करावा. पाय जे शिकतात ते कान शिकत नाहीत.

दुसरा नियम डाव्या-उजव्याचा. शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा राहिला की त्याचा उजवा हात मुलांना डावीकडे दिसतो आणि निम्मी रांग फसते. म्हणून शिकवताना पाठ फिरवून, त्यांच्याच दिशेने तोंड करून उभे राहावे. त्याहून सोपे म्हणजे दिशेला नाव द्यावे. धुळ्यात मी ‘पांझरेकडचा हात’ म्हणत असे, जळगावात ‘मेहरूण तलावाकडचा हात’. पहिलीतले पोरही चुकत नसे. फेरात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण वर्तुळात प्रत्येकाची नदी वेगळ्या बाजूला येते. तिथे ‘आतला हात’ आणि ‘बाहेरचा हात’ म्हणावे.

तिसरा नियम पुकाऱ्याच्या वेळेचा. कवायतीच्या आज्ञेचे दोन भाग असतात. ‘दाहिने’ हा शब्द लांबवून म्हणायचा, त्यात माणूस तयार होतो, आणि ‘मुड’ हा तोडून म्हणायचा, त्यावर तो वळतो. नाचातही हेच. पुढच्या चालीचे नाव ती चाल सुरू होताना घेतले तर फार उशीर झाला. आठ मात्रांपैकी पाचवी-सहावी मात्रा चालू असतानाच ते कानावर पडले पाहिजे, म्हणजे पहिल्या मात्रेला पाऊल तयार असते. मिरवणुकीत ढोल-ताशापुढे आवाज पोचत नाही, म्हणून लेझीमचा म्होरक्या शिट्टी फुंकतो आणि हात वर करतो. तीही मात्रेच्या आधीच.

आणि चौथा नियम सगळ्यांत कठीण. गप्प बसायला शिकावे. चार-पाच आवर्तने झाली की माणसांचे पाय नाच ओळखू लागतात. मग पूर्ण नाव न घेता एक शब्द, मग नुसती मान, मग तेही नाही. शिकवणाऱ्याचा आवाज थांबल्यावरही खेळ चालू राहिला, म्हणजे नाच खेळणाऱ्यांचा झाला. शेवटपर्यंत माईक हातात धरून ओरडणाऱ्याने लोकांना नाच दिलेलाच नसतो, उसना दिलेला असतो.

ज्यांना पुकाऱ्याची गरजच पडत नाही अशी माणसेही आपल्या शेजारीच राहतात. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल भागात पावरा समाज आहे. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, मोठमोठे ढोल येतात आणि नाचणाऱ्यांच्या रांगा धरल्या जातात. तिथे कुणी शिकवणीचा वर्ग घेत नाही. लहान पोर मोठ्यांच्या मध्ये उभे राहते, शेजारच्याचा झोका अंगात येतो आणि पाऊल आपोआप पडते. ढोल हाच त्यांचा पुकारा. आपल्या श्रावणातल्या कानबाईच्या विसर्जनालाही असेच घडते. नदीच्या वाटेवर आजी आणि नात एकाच फुगडीत दिसतात, त्यांना ती कुणी पाठ करून घेतलेली नसते. जिथे वर्षानुवर्षे सगळे एकत्र नाचतात, तिथे शिक्षक लागत नाही. जिथे ते एकत्र नाचणे तुटते, तिथे आमच्यासारख्यांची गरज भासते.

आणि ते तुटते आहे, म्हणून आज हे बोलायचे. शाळांच्या स्नेहसंमेलनात आता निवडक बारा मुले मंचावर असतात, उरलेला वर्ग समोर बसलेला असतो. पावऱ्यांचा नाचही तिथे मोरपिसांचा वेष चढवून सहा मिनिटांत उरकतो. लग्नात चार जणांचा बसवलेला नाच आणि भोवती मोबाइल धरलेले पाहुणे. नवरात्रात उत्कृष्ट वेशभूषा आणि उत्कृष्ट जोडी यांची बक्षिसे. मी स्पर्धेच्या विरोधात नाही. गुणी मुलाला मंच मिळालाच पाहिजे. मोबाइलवर अहिराणी गाणी देशभर पोचली, त्याचाही मला अभिमान आहे. पण ज्या दिवशी प्रत्येक नाच बघण्यासाठीच बसवला जाईल, त्या दिवशी न येणाऱ्याला नाचण्याचे ठिकाणच राहणार नाही. नाच न येणारा माणूस नाचात उभा राहूनच शिकतो, त्याला दुसरी शाळा नाही.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. यंदा तुमच्या कॉलनीत, गावात, शाळेत नाच ठरवायची वेळ येईल तेव्हा गोफ जरूर बसवा, पण तो एकच बसवा. सुरुवातीचा नाच असा निवडा की तो दोन मिनिटांत शिकवता येईल. त्यात जोडी आपोआप बदलू द्या. विषम संख्येला जागा ठेवा. ज्यांना बसून राहावे लागते त्यांना टिपऱ्या द्या, बसूनही ताल धरता येतो. अवघड नाच मध्यावर घ्या आणि शेवटचा पुन्हा सगळ्यांना येईल असाच ठेवा, म्हणजे कुणीही काठावरून घरी जाणार नाही. नाच शिकवताना रांगेतल्या पहिल्या माणसाकडे पाहू नका. तो शिकणारच आहे. शेवटच्याकडे पाहा, आणि त्याचे पाऊल पडले की ढोलवाल्याला खूण करा.