उंडीचे रोप आणि उन्हाळी सुटी



पुष्कळ शाळांतून पावसाळ्याच्या आरंभी वृक्षारोपण होते. खड्डा खणला जातो, रोप लावले जाते आणि नोंदवहीत संख्या लिहिली जाते. पुढील जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्या जागी वाळलेली काठी उभी असते, आणि मुले त्याच खड्ड्यात नवे रोप लावतात. झाड लावणे हा एका दिवसाचा सोहळा होय, एवढेच मुले यातून शिकतात. किनाऱ्यावरील शाळांनी उंडीच्या झाडाच्या साहाय्याने हा चुकीचा धडा पुसून टाकावा.

उंडी हा कोकणच्या किनाऱ्यावरचा सदाहरित वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव ‘कॅलोफिलम इनोफिलम’. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर पानांचा’ असा आहे. पान जाड व तुकतुकीत असून मधल्या शिरेपासून बारीक समांतर शिरांच्या असंख्य रेषा निघतात. मुलांनी वहीत पान काढले की ही खूण कायमची ध्यानात राहते. फुले पांढरी व सुवासिक असतात आणि त्यांच्या मध्यभागी पिवळ्या केसरांचा झुपका असतो. गोल फळे पाण्यावर तरंगतात. म्हणूनच हा वृक्ष पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकमधील बेटांपर्यंतच्या किनाऱ्यांवर आढळतो.

रॉकेल येण्यापूर्वी उंडीच्या बियांचे तेल, म्हणजे उंडेल, कोकणात दिव्यासाठी जाळीत. होड्यांच्या लाकडालाही ते लावीत. हे तेल खाण्याचे नव्हे. बी व चीकही विषारी असल्याने मुलांनी ती तोंडात घालू नयेत, ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. एकटे झाड वादळ थोपवीत नाही, हे खरे. परंतु खारा वारा व रेताड जमीन सोसणाऱ्या झाडांची दाट रांग वाऱ्याचा जोर कमी करते व वाळू धरून ठेवते. उंडी अशा झाडांपैकी आहे. मात्र ती सावकाश वाढते. म्हणून आरंभ लवकर केला पाहिजे.

रोप तयार करणे हाच एक सुंदर पाठ आहे. झाडाखालची पक्व फळे गोळा करून वरचा गर काढावा. आतील कवच कठीण असते. काही बिया कवचासह व काही कवच हलक्या हाताने फोडून, आतील गराला इजा न करता, पिशव्यांतील मातीत पेराव्या. कवच काढलेल्या बिया साधारणपणे तीन आठवड्यांत रुजतात, तर कवचासह पेरलेल्यांना सुमारे दोन महिने लागतात. मुलांनी रोजची नोंद ठेवली, तर हा फरक शिक्षकांना सांगावा लागणार नाही. तो त्यांना डोळ्यांनी दिसेल.

वीतभराहून मोठे झालेले रोप पाऊस स्थिरावल्यावर लावावे. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात माती व कुजलेले शेणखत घालावे. पाणी साचणारी जागा टाळावी. गुराढोरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण करावे. बुंध्याभोवतीचे तण काढून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, म्हणजे ओलावा टिकतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. रोप मरते ते बहुधा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, शाळा बंद असताना. म्हणून परीक्षा संपण्यापूर्वीच शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या कराव्या, त्यांच्या पालकांची संमती घ्यावी व प्रत्येक जोडीला आठवड्यातील एक-दोन दिवस नेमून द्यावे. सकाळी किंवा सायंकाळी एक बादली पाणी पुरे होते. ज्या गावात पाण्याचीच टंचाई आहे, तेथे पाच रोपे लावण्याऐवजी एकच लावावे. पण ते जगवावे.

नोंदवहीत ‘लावलेली रोपे’ या रकान्याशेजारी ‘तीन वर्षांनी जिवंत असलेली रोपे’ असा दुसरा रकाना आखावा. बियांपासून वाढलेल्या उंडीला फळे येण्यास बरीच वर्षे लागतात. पहिलीतल्या मुलाने पेरलेले झाड तो शाळा सोडून जाईल त्या सुमारास कदाचित फुलेल. त्या फुलांचा सुवास मागून येणाऱ्या मुलांना मिळेल. दुसऱ्यांसाठी काम करण्याचे शिक्षण याहून सोप्या शब्दांत देता येणार नाही.