स्टेपनीची जागा

मोटारीच्या जादा चाकाला आपल्याकडे सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. पण हे मुळात एका रस्त्याचे नाव आहे. वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली टायर चढविलेले, आरे नसलेले एक कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते आवळून बसविले की गाडी मार्गस्थ होई. पुढे सबंध चाकच काढता-घालता येऊ लागले, तेव्हा जादा चाक ठेवावे कोठे, हा प्रश्न उद्भवला. कोणी ते मागे टांगले. कोणी पुढच्या मडगार्डात खोबण करून बॉनेटच्या शेजारी उभे केले. त्यामुळे मागची बाजू सामानाच्या पेटीसाठी मोकळी झाली, आणि गाडीला ऐटही आली.

ही ऐट जुन्या गाडीला नव्याने चढविण्याचा मोह आजही अनेकांना होतो. फोर्डची ‘मॉडेल ए’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. डिसेंबर १९२७ मध्ये ही गाडी लोकांपुढे आली. तिचे जादा चाक सामान्यतः मागे असे. बाजूला हवे असल्यास खोबणीचे मडगार्ड लागे. १९२८-२९ च्या गाड्यांची चाके २१ इंची, तर १९३०-३१ च्या गाड्यांची १९ इंची. मडगार्डेही निरनिराळी. तेव्हा गाडीचे साल निश्चित केल्यावाचून एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

दुसरी गोष्ट भाराची. चाकाचे ओझे मडगार्डाच्या पत्र्यावर टाकले, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्रा चिरतो. म्हणून आधाराचा दांडा गाडीच्या सांगाड्यालाच जखडला पाहिजे. खालचे चाक पूर्ण वळवून, स्प्रिंग दबल्यावरही ते खोबणीच्या तळाला घासत नाही ना, हे पाहावे. दार व बॉनेट नीट उघडतात की नाही, तेही तपासावे. खोबणीत पावसाचे पाणी साचते. निचऱ्याचे छिद्र नसेल, तर गंज आतून पत्रा खातो.

परंतु खरा प्रश्न करवत हाती घेण्यापूर्वीचा आहे. कारखान्यातून आलेले अखंड मडगार्ड एकदा कापले, की त्याचे मूळ रूप गेले. जोडकाम कितीही सफाईचे असो, ते परत येत नाही. त्यापेक्षा खोबणीचे मडगार्ड स्वतंत्र मिळवून बसवावे, आणि मूळचे जपून ठेवावे. जुनी गाडी आजच्या मालकापाशी असते, तशीच ती उद्याच्या मालकाचीही ठेव असते.