हत्यारांचा कायदा आणि रक्षणाचें ऋण



शहरांतील एखाद्या भरवस्तींत दरोडा पडला, कीं दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं घरोघर एकच वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, भल्या माणसाच्या घरीं पिस्तूल असतें, तर चोराची छाती झाली नसती. दुसरा म्हणतो, पिस्तुलें इतकीं सुलभ झालीं, तर चोरापेक्षां शेजाऱ्याचीच धास्ती अधिक बाळगावी लागेल. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद सहसा मिटत नाहीं. आज त्याचा एका घावांत निकाल लावण्याचा माझा हेतु नाहीं. त्याच्या मुळाशीं असलेला एक प्रश्न तेवढा आपणांपुढें मांडावयाचा आहे. जें राज्य नागरिकाच्या हातांतलें हत्यार काढून घेतें, त्यानें त्या मोबदल्यांत नागरिकाला काय द्यावें?

आपल्या देशांत हा प्रश्न तीव्रतेनें उभा राहिला तो १८७८ सालीं. १८५७ च्या उठावानंतर लोकांना निःशस्त्र करण्याचें धोरण इंग्रज सरकारनें आरंभिलेंच होतें. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतांना त्या धोरणाला ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू होणाऱ्या कायद्याचें रूप आलें. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाहि त्याच वर्षीं झाला. म्हणजे तलवारहि बांधली गेली आणि लेखणीहि. हत्यारांच्या कायद्यांतून युरोपियनांना सूट होती. हिंदी माणसाला मात्र परवान्यासाठीं साहेबाच्या दारीं उभें राहावें लागे. कूर्गच्या लोकांना १८५७ मधील त्यांच्या वर्तनाबद्दल बक्षीस म्हणून १८६१ सालींच वेगळी सूट मिळाली होती, आणि ती स्वतंत्र भारतांतहि चालू राहिली आहे. एवंच, राजनिष्ठेची खात्री असेल त्याच्याकडे हत्यार, इतरांकडे संशयाची नजर, असा तो न्याय होता.

ज्या मराठी घरांतून खंडेनवमीला पूर्वजांची तलवार पाटावर मांडून तिची पूजा होत असे, त्या घरांना हा कायदा नुसता बंदोबस्ताचा वाटला नाहीं. तो अपमानाचा वाटला. काँग्रेसच्या अगदीं आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होऊं लागले. खुद्द महात्मा गांधींनीं, अहिंसेचे एवढे पुरस्कर्ते असूनहि, १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत या कायद्याची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत, नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य करण्यांत आला.

पुढें स्वराज्य आलें. आतां हा हक्क राज्यघटनेंत येणार, अशी कोणी अपेक्षा केली असती, तर ती अवाजवी नव्हती. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं तशी उपसूचना मांडली, आणि कराचीच्या ठरावाची आठवणहि करून दिली. तिला विरोध केला तो डॉ. आंबेडकरांनीं. कोणालाहि बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार बिनदिक्कत खरेदी करतां येऊं लागलें, तर राज्याचा कारभार चालणार कसा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. शस्त्र धरण्याच्या हक्काचा आग्रह धरण्यापेक्षां, प्रसंग पडल्यास राज्याच्या रक्षणासाठीं शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरावा, असेंहि त्यांनीं सुचविलें. उपसूचना नामंजूर झाली. घटनेच्या १९ व्या कलमांत आपणांस एकत्र जमण्याचा हक्क आहे; पण तो शांततेनें आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे.

त्या दिवसांत फाळणीच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. अवघ्या दहा महिन्यांपूर्वीं, ३० जानेवारीच्या सायंकाळीं, दिल्लींत प्रार्थनेसाठीं चाललेल्या एका वृद्ध आणि निःशस्त्र महापुरुषावर इटालियन बनावटीच्या पिस्तुलांतून तीन गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. हत्यार अविवेकी हातांत पडलें म्हणजे काय होतें, हें त्या सभागृहांतील कोणालाहि निराळें सांगण्याची गरज नव्हती.

तथापि एक शंका उरतेच. ज्या निर्बंधाला आपण सुमारें सत्तर वर्षें अपमान मानीत होतों, तोच निर्बंध स्वराज्य येतांच शहाणपणाचा कसा ठरला? याचें उत्तर कायद्याच्या कलमांत नाहीं. तें कायदा करणारा कोणाला जबाबदार आहे, यांत आहे. परक्या सरकारला प्रजेच्या हातीं हत्यार नको होतें, कारण त्याला काळजी होती ती स्वतःच्या सुरक्षिततेची. स्वराज्यांत असल्या कायद्याचें समर्थन एकाच कारणानें होऊं शकतें, तें म्हणजे त्यामुळें प्रजा अधिक सुरक्षित होते. हत्यार खालीं ठेवणारा नागरिक जणूं राज्याला ऋण देत असतो, आणि रक्षणाच्या रूपानें तें फेडणें राज्याला प्राप्त असतें.

१८७८ चा कायदा जाऊन त्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलांत आला. त्यानें परवान्याची पद्धति कायम ठेवली, परंतु तिचा आत्मा पालटला. परवाना नाकारला तर त्याचीं कारणें सामान्यतः लेखी नोंदवावीं लागतात, आणि नकारावर अपील करतां येतें. केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारूं नये, असेंहि या कायद्यांत स्पष्ट म्हटलें आहे. साहेबाच्या मर्जीचा कारभार आणि हा कारभार यांतील अंतर या एका वाक्यांत दिसून येतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीला बाळगतां येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. चोरून बंदुका बनविणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. लग्नाच्या वरातींत आनंदाच्या भरांत दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालून गोळ्या झाडणाऱ्यालाहि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तजवीज केली.

आतां परदेशांकडे पाहूं. अमेरिकेच्या घटनेंत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचें कलम आहे. आणि स्वसंरक्षणार्थ घरीं पिस्तूल ठेवणें हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. या हक्काचे कैवारी म्हणतात, कीं निःशस्त्र प्रजेवर जुलूम करणें सोपें असतें. ज्यांनीं लिटनचा कायदा भोगला, त्या लोकांच्या वंशजांनीं ही भीति हंसण्यावारी नेऊं नये. पण तिच्या पायीं काय किंमत द्यावी लागते, तेंहि पाहिलें पाहिजे. २०२१ या एका वर्षांत अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मेलीं. आणि त्यांपैकीं २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. चोरासाठीं म्हणून कपाटांत ठेवलेलें पिस्तूल पुष्कळदां चोराची वाट पाहातच राहतें; निराशेची एखादी घटका मात्र कोणत्याहि घरांत येऊं शकते, आणि त्या घटकेला हाताशीं काय आहे, यावर एका जिवाचें भवितव्य अवलंबून असतें.

ब्रिटननें दुसरा मार्ग धरला. १३ मार्च १९९६ रोजीं स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेंत सोळा मुलें आणि त्यांची शिक्षिका गोळ्यांना बळी पडलीं. पुढच्याच वर्षीं बहुतेक सर्व पिस्तुलें खाजगी हातांतून काढून घेणारे कायदे झाले. त्याच १९९६ च्या एप्रिलांत ऑस्ट्रेलियांत पोर्ट आर्थर येथें पस्तीस माणसें मारलीं गेलीं. तेथील सरकारनें नियम कडक केले, आणि सुमारें साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. त्यानंतर तसलीं हत्याकांडें तेथें विरळ झालीं. समूळ नाहींशीं झालीं नाहींत. कायद्याकडून याहून अधिक अपेक्षा करणें हें कायद्यालाहि न्याय देणारें नाहीं.

येथें एक जोरदार आक्षेप येतो. कायदा पाळतो तो सज्जन; दुर्जन कोठें परवाना मागतो? या आक्षेपांत पुष्कळ अर्थ आहे. जिनिव्हा येथील एका संशोधनसंस्थेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणें भारतांत नागरिकांच्या हातीं सात कोटींवर बंदुका आहेत, आणि त्यांपैकीं नोंदलेल्या एक कोटीहि नाहींत. अंदाज तो अंदाजच. पण त्यांत निम्मी चूक धरली, तरी बिनपरवाना हत्यारांचा ढीग परवान्याच्या हत्यारांहून मोठाच राहतो. बिहारमधील मुंगेर येथें मीर कासीमच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, बंदुका घडविण्याचें कसब आहे. तेथें परवान्याचे कारखानेहि आहेत. परंतु त्याच कसबाच्या आडोशानें चोरटीं हत्यारेंहि निघतात. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बिनपरवाना हत्यारांच्या सुळसुळाटाची स्वतः होऊन दखल घेतली, ती उगीच नव्हे.

मग यावरून निष्कर्ष कोणता काढावा? गांवठी कट्टे वाढले म्हणून प्रत्येक सज्जनाला पिस्तूल द्यावें, हा निष्कर्ष मला पटत नाहीं. बाजारांत खोटीं नाणीं वाढलीं, तर सरकारनें टांकसाळ सर्वांस खुली करावी, असें आपण म्हणत नाहीं. खोटीं नाणीं पाडणाऱ्याला धरावें, असें म्हणतों. शिवाय प्रत्येक हत्याराला परवान्याचें कुंपण घालतां येत नाहीं. पुण्यांत २०२२-२३ च्या सुमारास कोयते परजीत हिंडणाऱ्या टोळक्यांनीं पेठापेठांतून आणि उपनगरांतून दहशत बसविली होती. पण कोयता हें ऊंस तोडणाऱ्याच्या पोटाचें साधन आहे; शेतीच्या आणि घरकामाच्या पात्यांना नियमांनीं बुद्ध्याच वगळलें आहे. तेथें पोलिसांचा तपास, न्यायालयाची तत्परता आणि शाळा सोडून भटकणाऱ्या पोरांची कोणी तरी केलेली विचारपूस, हेच उपाय.

ऋण फेडण्याची गोष्ट येते ती येथें. संकटांत सांपडलेल्या माणसाची हांक ठाण्यांत ऐकली जात नसेल, तर त्याला हत्यार बाळगूं नको असें सांगण्याचा नैतिक अधिकार राज्याला उरत नाहीं. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठीं 'निर्भीक' नांवाचें अर्ध्या किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरांत होती. कायदा अर्जदाराची मालमत्ता पाहात नाहीं हें खरें, पण दुकानदार पाहतो! रात्रपाळी संपवून पायीं घरीं परतणाऱ्या परिचारिकेला असल्या रिव्हॉल्व्हरचा काय उपयोग? तिला हवा रस्त्यावर दिवा, वेळेवर येणारी बस आणि हांकेला ओ देणारा शिपाई.

आपल्याच कायद्यानें हें ऋण एके ठिकाणीं फार प्रामाणिकपणें कबूल केलें आहे. अनुसूचित जाति व जमाति यांच्यावरील अत्याचार रोखण्यासाठीं १९९५ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें, जेथें अत्याचाराचें भय असेल तेथें या समाजांबाहेरील लोकांचे हत्यारांचे परवाने तपासून जरूर तर रद्द करावयाचे, बेकायदा हत्यारें जप्त करावयाचीं, आणि आवश्यक वाटल्यास या जातिजमातींच्या लोकांना स्वसंरक्षणासाठीं परवाने द्यावयाचे, अशी तरतूद आहे. म्हणजे सुरक्षितता सर्वांना सारखी लाभलेली नाहीं, आणि सबळांच्या हातांतली बंदूक हीच कित्येकदां दुर्बळांची असुरक्षितता असते, हें कायद्याला ठाऊक आहे. अशी तरतूद ठाण्यांत आणि कचेरींत किती तत्परतेनें अमलांत येते, यावरच राज्याचा प्रामाणिकपणा जोखावा.

आणि शेवटीं आपल्याकडेहि कांहीं येतेंच. घरीं परवान्याचें हत्यार असेल, तर तें मुलांच्या आणि रागाच्या हातीं लागणार नाहीं असें कुलपांत ठेवणें; परवान्याला प्रतिष्ठेचा दागिना न समजणें; वरातींत बार उडूं लागले तर यजमान कितीहि मोठा असला तरी तेथून उठून येणें; आणि शेजारीं आरडाओरडा झाला तर दार लावून न घेतां ठाण्याला खबर देणें व पुढें साक्षीला उभें राहणें. डॉ. आंबेडकरांनीं हक्काच्या बदल्यांत ज्या कर्तव्याचें नांव घेतलें, तें आणीबाणीच्या प्रसंगाचें होतें. नित्याच्या दिवसांत तें याच साध्या रूपानें आपल्या वांट्याला येतें. तें आपण बजावलें, तर राज्याकडून आपलें ऋण ठणकावून मागण्याचा अधिकारहि आपल्याला राहील. येत्या खेपेला चहाच्या वेळीं तो जुना वाद निघाला, तर पिस्तूल हवें कीं नको याच्या आधीं, आपल्या ठाण्याचा शिपाई किती वेळांत येतो, हा प्रश्न विचारून पाहावा.